मोती मोजले, मोहरा मोजल्या, बायका?

विज्ञानकथा हा आपला प्रांत नव्हे, असे आपण स्त्री-चळवळीतल्या बायका गृहीत धरून चाललो आहोत. कादंबरीतली सोशिक नायिका, मालिकेतली कारस्थानी सासू, जाहिरातीतले विकाऊ शरीर, पाठ्यपुस्तकात चुलीपुढे बसवलेली आई या सगळ्यांवर आपण लिहिले, पत्रके वाटली, मोर्चे काढले. विज्ञानकथेकडे मात्र ढुंकूनही पाहिले नाही. उद्याचे जग कसे असेल हे रंगवण्याचे काम आपण बिनविरोध दुसऱ्यांच्या हाती सोपवले. आणि त्या दुसऱ्यांनी उद्याचे जग रंगवता रंगवता कालच्या जगात प्रत्यक्ष असलेल्या बायकाही पुसून टाकल्या.

हे विधान हवेतले नाही. त्यासाठी एकच गोष्ट तपासून पाहू. युद्धात शत्रूचे सांकेतिक संदेश पकडायचे आणि फोडायचे, या विषयावर जगभर कथा, कादंबऱ्या, चित्रपट निघाले. काळात मागे जाणाऱ्या, यंत्राला बुद्धी देणाऱ्या, इतिहासाला वेगळे वळण देणाऱ्या विज्ञानकथांचा तर हा आवडता मसाला. त्यांचा साचाही ठरलेला आहे. एक विक्षिप्त, एकलकोंडा, अफाट बुद्धीचा पुरुष असतो. त्याला कोणी समजून घेत नाही. एका रात्री त्याच्या डोक्यात वीज चमकते, यंत्र धडधडते, युद्ध जिंकले जाते. बाई असलीच तर ती त्याला चहा आणून देते, त्याच्यावर प्रेम करते किंवा शत्रूची हेर निघते.

आता खरे काय घडले ते पाहू.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या ‘एनिग्मा’ यंत्रातून निघालेले संदेश इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्क येथे फोडले जात. १९४५ च्या सुरुवातीला तेथे आणि त्याच्या उपकेंद्रांत मिळून सुमारे ९,००० माणसे काम करत होती. त्यांत दर चार जणांमागे तीन स्त्रिया होत्या. संदेश फोडण्यासाठी ‘बॉम्ब’ नावाची कपाटाएवढी यंत्रे होती. युद्ध संपेपर्यंत अशी दोनशेहून अधिक यंत्रे बनली. ती चालवण्याचे काम नौदलाच्या महिला विभागातल्या तरुणी पाळ्यांमध्ये, रात्रंदिवस, उभ्याने करत. १९४४ मध्ये ‘कोलोसस’ हे विजेच्या दिव्यांवर चालणारे संगणक यंत्र आले, तेही त्याच तरुणी चालवत. याखेरीज पकडलेले संदेश टिपणे, त्यांची वर्गवारी करणे, हजारो कार्डांची नोंद ठेवणे, भाषांतर करणे हे सगळे होतेच. संदेश फोडणे हा एका डोक्यात चमकणाऱ्या विजेचा खेळ नव्हता. तो एक कारखाना होता आणि त्या कारखान्यातल्या बहुसंख्य कामगार बायका होत्या.

‘त्या नुसती यंत्रे चालवत होत्या, डोके पुरुषांचेच होते’ असे कोणी म्हणेल. मग डोक्याचेही बोलू. मेव्हिस लिव्हर ही १९ वर्षांची मुलगी. मार्च १९४१ मध्ये तिने इटालियन नौदलाचे संदेश फोडले आणि त्यावरून मॅटापान येथील आरमारी लढाईत ब्रिटिशांची सरशी झाली. त्याच वर्षाअखेर तिने आणि मार्गारेट रॉक हिने जर्मन हेरखात्याचे एनिग्मा फोडले. या दोघी ज्या विभागात होत्या तो विभाग ओळखला कसा जाई? विभागप्रमुख डिली नॉक्स, म्हणून त्या सगळ्या ‘डिलीच्या पोरी’. बुद्धी त्यांची, ओळख साहेबाची.

दुसरी जोन क्लार्क. केंब्रिजमध्ये गणितात पहिल्या वर्गात आली, पण पूर्ण पदवी मिळाली नाही, कारण केंब्रिज विद्यापीठ १९४८ पर्यंत स्त्रियांना पूर्ण पदवी देतच नव्हते. ब्लेचलीत तिने पुरुष गणितज्ञांच्या बरोबरीने संदेश फोडले. तिला बढती द्यायची वेळ आली तेव्हा स्त्रीसाठी संकेत फोडणाऱ्याची वरची श्रेणीच नव्हती. म्हणून तिला कागदोपत्री ‘भाषातज्ज्ञ’ केले. तिला परकी भाषा एकही येत नव्हती. पुढे १९४४ मध्ये ती त्या विभागाची उपप्रमुख झाली. आज तिचे नाव सर्वसामान्य प्रेक्षकाला कशामुळे ठाऊक आहे? ॲलन ट्युरिंगशी तिचा काही काळ साखरपुडा झाला होता यामुळे!

आपले भांडण ट्युरिंगशी नाही हे इथेच सांगून ठेवते. तो समलिंगी होता म्हणून त्याच्याच देशाने १९५२ मध्ये त्याला गुन्हेगार ठरवले, औषधे टोचून त्याच्या शरीराची विटंबना केली. १९५४ मध्ये तो गेला. सरकारी माफी आली २०१३ मध्ये. ज्या व्यवस्थेने जोनला खोट्या श्रेणीत बसवले त्याच व्यवस्थेने ट्युरिंगला चिरडले. भांडण आहे ते त्या व्यवस्थेशी, आणि हजारो हातांचे काम एका पुरुषाच्या कपाळावर चिकटवणाऱ्या गोष्टीशी.

नील स्टीफनसन यांची ‘क्रिप्टोनॉमिकॉन’ ही १९९९ सालची जाडजूड कादंबरी या प्रकारातली गाजलेली. विज्ञानकथांसाठीचा लोकस पुरस्कार तिला मिळाला. तिची सूत्रे पुरुषांच्या हाती आहेत. गणिती पुरुष, सैनिक पुरुष, पुढच्या पिढीतला संगणकवाला पुरुष. बायका आहेत त्या त्यांच्या प्रेमाच्या धाग्याने कथेला जोडलेल्या. उलट कॉनी विलिस या लेखिकेच्या २०१० सालच्या ‘ब्लॅकआउट’ आणि ‘ऑल क्लियर’ या जोड-कादंबऱ्या पाहा. भविष्यातले इतिहास-संशोधक युद्धकाळातल्या इंग्लंडमध्ये जातात आणि तिथे दुकानात काम करणाऱ्या मुली, रुग्णवाहिका चालवणाऱ्या मुली, शहरातून हलवलेल्या मुलांना सांभाळणाऱ्या मोलकरणी यांच्यामधून युद्ध दिसते. म्हणजे असे लिहिता येते. लिहिले तर वाचलेही जाते. ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही मोठे पुरस्कार त्यांना मिळाले. तेव्हा ‘विषयच पुरुषी आहे, लेखक काय करणार’ ही सबब चालणार नाही.

पानिपतचा संदेश

हे इंग्रजांचे झाले, आपला त्याच्याशी काय संबंध, असे म्हणणाऱ्यांना पानिपतची आठवण करून द्यायला हवी. मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक असलेला युद्धकाळातला सांकेतिक संदेश पानिपतचाच आहे. जानेवारी १७६१ मध्ये लढाई हरली. बातमी घेऊन सावकारांचा एक कासीद दक्षिणेकडे निघाला होता, तो वाटेत नानासाहेब पेशव्यांच्या हाती लागला. पत्रात व्यापारी भाषेत लिहिले होते की दोन मोती गळाले, सोन्याच्या मोहरा गेल्या, रुप्या-तांब्याची तर गणतीच नाही. पेशव्यांना ते फोडायला यंत्र लागले नाही. मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, रुपे-तांबे म्हणजे शिपाई.

या संदेशाचे चातुर्य आपल्याला कौतुकाने शिकवले जाते. पण मैत्रिणींनो, त्या हिशेबात काय नाही ते कोणी शिकवले का? पानिपतच्या छावणीत बायका होत्या. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई होत्या. सरदारांच्या बायका होत्या, दासी होत्या, तीर्थयात्रेच्या आशेने लष्कराबरोबर गेलेल्या बायका होत्या. लढाईनंतर त्यांतल्या हजारो गुलाम म्हणून नेल्या गेल्या. त्यांच्यासाठी त्या संकेतात धातू नव्हता. तांब्याच्या पैशाएवढीही जागा नव्हती. सावकार हुशार होता. कोणाची किंमत किती हे त्याला पक्के माहीत होते.

आता आपल्या विज्ञानकथेकडे वळू. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा मराठी वाचकाला चांगली ठाऊक आहे. विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, कानाजवळून निघून गेली, तर इतिहास कुठे गेला असता, ही तिची कल्पना. कल्पना सुंदर आहे, आणि विज्ञानाचा आधार न सोडता ती मांडली आहे. पण पानिपत जिंकले असते तर त्या छावणीतल्या बायकांचे काय झाले असते, हा प्रश्न ती कथा विचारत नाही. इतिहासाचे वळण मोत्यावर ठरते. गोळी मोत्याला लागली की नाही एवढेच पाहायचे. म्हणजे सावकाराची वर्गवारी अडीचशे वर्षे टिकली!

हस्ताक्षर कोणाचे?

नारळीकरांचीच आणखी एक हकीकत इथे सांगण्यासारखी आहे, आणि ती त्यांनी स्वतः मोकळेपणाने सांगून ठेवली आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. आपले नाव पाहून परीक्षक भारावू नयेत म्हणून आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतले. अक्षरावरूनही ओळख पटू नये म्हणून कथा पत्नीच्या, मंगला नारळीकरांच्या, हस्ताक्षरात लिहून पाठवली. कथेला पहिले बक्षीस मिळाले. स्पर्धेपुरता तो एक लहानसा संकेतच होता आणि तो नीट टिकला.

नारळीकरांच्या प्रामाणिकपणाला कोणी नावे ठेवणार नाही. मोठ्या नावाचा फायदा नको म्हणणारे किती लेखक सापडतात? मुद्दा वेगळा आहे. अक्षर बाईचे असले की ओळख लपते, हे गृहीत किती सहज होते! मंगलाताई स्वतः गणितज्ञ होत्या, संख्यांच्या गुणधर्मांच्या शास्त्रात त्यांनी पीएच. डी. केली होती. आज बँकेचे, टपालाचे, फोनचे कितीतरी संकेत याच शास्त्राच्या आधारावर उभे आहेत. मराठी विज्ञानकथेच्या जन्मकथेत मात्र त्यांची आठवण निघते ती सुंदर अक्षरासाठी.

याच्या शेजारी दुसरे टोपणनाव ठेवून पाहा. अमेरिकेत जेम्स टिपट्री नावाचा लेखक विज्ञानकथा लिहीत असे. त्याच्या लिखाणात अस्सल पुरुषीपणा आहे, अशी ग्वाही जाणत्या पुरुष लेखकाने दिली होती. पुढे १९७७ च्या सुमारास सगळ्यांना कळले की ती ॲलिस शेल्डन नावाची बाई आहे. महायुद्धात ती लष्करात विमानातून घेतलेल्या छायाचित्रांचा अर्थ लावण्याचे काम करत होती, नंतर काही वर्षे सी.आय.ए.मध्ये होती. पुरुषांना न दिसणाऱ्या बायका, अशा अर्थाचे तिच्या एका कथेचे शीर्षकच आहे. थोर पुरुषाने नाव बदलले ते आपला मोठेपणा बाजूला ठेवण्यासाठी. बाईला मात्र पुरुषाचे नाव घेतल्यावरच मोकळेपणाने वावरता आले. दोन टोपणनावांमधला हा फरक समजला म्हणजे पितृसत्ता समजली.

‘गुपित होते म्हणून नावे नाहीत’

यावर ठरलेला आक्षेप येतो: अहो, ते कामच गुप्त होते. पुरुषांनाही बोलायची बंदी होती. खरे आहे. ब्लेचलीचे गुपित १९७४ पर्यंत फुटले नाही. पण फुटल्यावर काय झाले? गुपिताचा पडदा वर गेला तेव्हा रंगमंचावर आधी पुरुष उभे राहिले. बायकांच्या आठवणी विचारायला लोक गेले ते पुढे कित्येक वर्षांनी, म्हाताऱ्या झाल्यावर. अनेकींनी तर नवऱ्यालाही काही सांगितले नव्हते. सरकारच्या गुपितात सगळेच झाकले गेले. ते उठल्यावरही बायका झाकलेल्या राहिल्या त्या समाजाच्या सवयीमुळे.

या सवयीचा पगाराशी थेट संबंध आहे. युद्धानंतर ब्रिटिश सरकारी कचेऱ्यांत संगणक यंत्रे आली. १९५५ पासून तिथे समान वेतन टप्प्याटप्प्याने लागू झाले, पण यंत्रे चालवणाऱ्या श्रेणी त्यातून वगळल्या. कारण काय, तर त्या श्रेणीत बायकाच आहेत, बरोबरी करायची कोणत्या पुरुषाशी? आधी काम बायकी ठरवायचे आणि मग बायकी आहे म्हणून स्वस्त ठेवायचे! आपल्याकडे १९७६ चा समान वेतन कायदा आला, तो पुढे २०१९ च्या वेतन संहितेत सामावला. दोन्हींची कसोटी तीच: तेच किंवा तशाच स्वरूपाचे काम. जिथे एका कामाला बायकाच लावल्या आहेत, तिथे ही कसोटी मुकी होते.

‘मग युद्धात बायकांचा हात होता म्हणून टाळ्या वाजवायच्या का?’ असे आपल्यातल्याच काही मैत्रिणी विचारतील. नाही. युद्धयंत्रात बाईला जागा मिळाली म्हणजे बाई मुक्त झाली असे आपण कधी मानले नाही, आजही मानू नये. पण ज्या श्रमाने जग चालले त्या श्रमाची नोंद मागणे आणि युद्धाचा जयजयकार करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंद नसेल तर युद्धाची किंमत बायकांनी काय मोजली हेही सांगता येत नाही. पानिपतच्या संदेशाने हेच शिकवले.

हमरापूरचे साचे

मी काम करते ते पेण तालुक्यातल्या हमरापूर परिसरात. पनवेल-रोहा रेल्वेमार्गावरचे हे स्टेशन बाहेरच्यांना ठाऊक नसते, पण इथल्या मूर्ती सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांत गणपतीचे कारखाने वर्षभर चालतात. साच्यातून मूर्ती निघाली की ती घासायची, भेगा बुजवायच्या, पांढरा हात मारायचा, रंग द्यायचा, दागिने रंगवायचे, खडे चिकटवायचे, फेटा-धोतर नेसवायचे. ही कामे मुख्यतः बायका करतात, कारखान्यात आणि घरी ओटीवर बसूनही. पॉलिश पेपरने बोटांची कातडी जाते, धूळ छातीत जाते. पाटीवर नाव मात्र ‘सुप्रसिद्ध मूर्तिकार अमुक’ असे एका पुरुषाचे. बाईला विचारले तर तीही सांगते, ‘मी काय करते, नुसता हात लावते.’

ब्लेचलीत आणि हमरापुरात सात समुद्रांचे अंतर आहे, पण साचा एकच आहे. तिथे बॉम्बपाशी उभ्या मुलींना ‘यंत्र चालवणाऱ्या’ म्हटले, इथे ‘हात लावणाऱ्या’ म्हणतात. शेकडो मूर्तींवर रंगाची धार चुकू न देणे हे कौशल्य नाही, आणि साच्याच्या मालकीला मात्र कला म्हणतात.

ही शब्दांची कुरकुर नाही, यावर पैसा अवलंबून आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने ‘पीएम विश्वकर्मा’ योजना सुरू केली. त्यातल्या १८ व्यवसायांत मूर्तिकार आहे. ओळखपत्र, प्रशिक्षण काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि नंतर २ लाखांपर्यंत कर्ज असे तिचे स्वरूप आहे. पण नियम असा की लाभ कुटुंबातल्या एकालाच, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुले. एकच नाव द्यायचे म्हटल्यावर कोणाचे दिले जाते, हे मी सांगायला नको. त्या अर्जावर पुन्हा तोच सावकाराचा हिशेब. मोत्याचे नाव लिहिले जाते. घासणारी, रंगवणारी, डोळ्यांत तेल घालून रात्र जागणारी बाई रुप्या-तांब्यातही येत नाही.

आता या दोन टोकांची गाठ बांधू. बाई ‘हात लावते’ असे ती स्वतः म्हणते, कारण तिने ऐकलेल्या, वाचलेल्या, पाहिलेल्या प्रत्येक गोष्टीत निर्माता पुरुष होता. देव घडवणारा पुरुष, यंत्र घडवणारा पुरुष, उद्याच्या अवकाशयानाचा कप्तानही पुरुष. गोष्ट आधी मनात नोंद करते, मग कचेरीत नोंद होते.

आपण काय करायचे?

पहिले काम ग्रामपंचायतीत. या योजनेच्या अर्जाची पहिली पडताळणी तिथेच होते. लाभ पुरुषालाच द्यावा असे नियमात कुठेही नाही. तेव्हा बचत गटांनी आणि महिला मंडळांनी ठराव मागावा, की पडताळणी करताना मूर्तीचे कोणते काम घरात कोण करते हे विचारून लिहून घ्यावे, आणि बाई कारागीर असेल तर तिचे नाव लावावे. ‘कुटुंबातून एकच’ ही अट काढावी, ही मागणी वरपर्यंत न्यावी.

दुसरे काम शाळेत आणि वाचनालयात. पानिपतचा संदेश शिकवताना छावणीतल्या बायकांबद्दल प्रश्न विचारला जावा. शिक्षक मैत्रिणींना यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.

तिसरे काम लेखणीचे. मराठी विज्ञानकथा लिहिणाऱ्यांना आपण जाब विचारू, पण स्वतःही लिहू. साहित्य आपल्या दाराशी पडले आहे. दिल्लीच्या आनंद पर्वतावर महायुद्धात ब्रिटिशांचे वायरलेस केंद्र होते, जपानी संदेश तिथे फोडले जात, आणि १९४२ मध्ये उभारलेल्या महिला सहायक दलातल्या स्त्रिया तिथे कामाला होत्या. त्याच १९४२ साली मुंबईत २२ वर्षांच्या उषा मेहता गुप्त काँग्रेस रेडिओ चालवत होत्या. साताऱ्याच्या प्रतिसरकारात नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील यांनी भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवऱ्याकडून मार खाण्याचे सोंग केले. पोलीस सोडवायला बाहेर धावले आणि साथीदारांनी आतली शस्त्रे पळवली. बाईला मार पडतो आहे, हे दृश्य पोलिसांच्या इतके ओळखीचे होते की त्यामागे काही बेत असेल अशी शंकाही त्यांना आली नाही. याहून पक्का संकेत कोणत्या यंत्राने तयार केला?

विश्वासरावांची गोळी चुकली असती तर काय, हे मराठी लेखकाने लिहून झाले. छावणीतल्या बायकांना करपल्लवी येत असती, त्यांनी आपला निरोप आपणच पोचवला असता तर काय, ही कथा अजून लिहायची आहे. ती आपल्यापैकी कोणी लिहावी, आपल्याच अक्षरात लिहावी आणि खाली आपलेच नाव घालावे.